व्यासावरची माया

३ मार्च
सुनंदाला सकाळी फोनवर विचारलं, "बदलीचा अर्ज भरला का?" "भरला." बस, एवढंच. तिकडं शाळेची घंटा होत होती. नऊ वर्षं झाली तिला रत्नागिरीकडच्या झेडपी शाळेत रुजू होऊन. अर्ज निघाले की मी हेच विचारतो, ती हेच सांगते. मनू तिच्याजवळ. मी इथं पुंडलिकनगरात, दोन खोल्या आणि गच्चीवर टाकी.
आज पाणी आलं, आठव्या दिवशी. मनूला सांगितलं तर म्हणते, "बाबा, तुमच्याकडे रोज का नाही येत?"
तुमच्याकडे! आपल्याकडे नाही. आठ वर्षांची पोर. दिवसभर तो शब्द डोक्यातून गेला नाही.

७ मार्च
कंपनीत नवीन काम. गॅस टर्बाइनच्या सील रिंगा, नमुन्याच्या आठ. पास झाल्या तर वर्षभराचं काम. धातू आगीत टिकावा म्हणून बाहेरून कोट द्यायचा, दीडशे मायक्रॉन, म्हणजे दोन केसांएवढा. तेवढी जागा धातूत आधीच सोडावी लागते. नाहीतर कोट चढला की रिंग जिथं बसायची तिथं बसत नाही.
या सोडलेल्या जागेला आमच्या शॉपमध्ये 'माया' म्हणतात. शब्द सलीमभाईंनी आणला. कोटाची गन तेच चालवतात. राहणार छावणीत, वडील तिथं वर्दी शिवायचे. शिंपी मायेसाठी कापड जास्त ठेवतो, आम्ही धातू कमी ठेवतो, पण शब्द रुळला तो रुळला.
रिंगांचं कार्ड मी लिहिलं. माया किती सोडायची ते माझ्याच हातात.

१२ मार्च
स.भाईंनी कोट मारला. आधी वाळूनं पृष्ठभाग खरबरीत करतात, मग त्याला उघडं बोटही लागू देत नाहीत. घाम लागला की कोट सुटतो. पावडर नीट येतेय का, ते गनच्या आवाजावरूनच ओळखतात. रिंगा पांढऱ्याशुभ्र निघाल्या. सु.ला फोटो पाठवला. "छान" आलं, आणि एक अंगठा.
पूर्वी असल्या फोटोवर दहा प्रश्न विचारायची.

१५ मार्च
वाईट दिवस. रिंग मापाच्या गेजमध्ये जाईना. आठांतली एकही नाही. कोट मोजला, बरोबर दीडशे. शेवटी स.भाईंनी माझं कार्ड वाचलं.
"एकीच बाजू की माया छोडे मियाँ तुम. गोल चीज है, दोनो बाजू चढता."
व्यासावर तीनशे सोडायचे, मी दीडशेच सोडले. अठरा वर्षं या कामात घालवून नवशिक्याची चूक. साहेबांनी आठही रिंगा स्वतः गेजमध्ये घालून बघितल्या. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आता कोट उतरवायचा, धातू आणखी तासायचा, पुन्हा कोट. महिनाभराची मुदत मागून घेतलीय.

२१ मार्च
बदल्यांची यादी लागली. सु.चं नाव आहे!! पैठण तालुका, इथून तासाभरावर!
शॉपमध्ये पेढे वाटले. रिंगा बिघडवणारा पेढे वाटतोय म्हणून हसले सगळे. हसू देत. पाचोडला आईला फोन केला तर ती रडायलाच लागली. "आता माजी नात डोळ्यांपुढं राहील रं. लई वाट बघितली."
सु.नं यादी सकाळीच बघितली होती म्हणे. सकाळीच. आणि मला फोन नाही.

२३ मार्च
मी टेम्पो, सामान, मनूचा दाखला, सगळं सांगत सुटलो होतो. तिचं नुसतं हं, हं. मग म्हणाली,
"अहो, मला यायचंय का, हे कधी विचारलंत तुम्ही?"
म्हटलं, मग अर्ज कुणी भरले?
"तुम्ही विचारायचात ना, भरला का म्हणून. म्हणून भरायचे."
मग पुष्कळ बोलली. तिची शाळा, पोरं, मनूच्या मैत्रिणी. पहिल्या वर्षी खोलीत साप निघाला होता, मनू पोटात होती. मला आज कळतंय. मी काळजी करीन म्हणून सांगितलं नव्हतं. "एकटीनं निभवायची इतकी सवय झालीय, की दुसऱ्याच्या घरात मावेन का, तेच कळत नाही." नाव मागं घ्यायचं असेल तर एप्रिल संपायच्या आत कळवायचंय म्हणाली.
दुसऱ्याच्या घरात.
फोन ठेवल्यावर रडलो. मला ती हवीय. सकाळी चहाला समोर बसलेली हवीय. नऊ वर्षं एकच कप विसळतोय मी.

२८ मार्च
रिंगांचा कोट उतरवला, धातू पुन्हा तासला. या वेळी दोन्ही बाजूंची माया. एक रिंग गेजमध्ये टाकली तर खडखडायला लागली. धास्तीच बसली, जास्त तर नाही ना तासलं? स.भाई म्हणाले, "ढीली लगरी ना? लगने दो. अब्बी चढना बाकी है."
जेवताना त्यांना सु.चं सगळं सांगितलं. त्यांनी डब्यातलं वांगं माझ्याकडं सरकवलं.
मी आपलं एकटेपण मोजत बसलो. तिकडंही तेवढंच चढत असेल हे धरलंच नाही.

२ एप्रिल
आज विचारलं, "तुला काय हवंय?" तू ठरवशील ते मला चालेल, असं म्हणायचं ठरवून ठेवलं होतं. तोंडातून निघेना. खोटं झालं असतं. म्हटलं, मला तू इथं हवीच आहेस, पण तुझं तू सांग.
म्हणाली, "सांगते."
कधी, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.

९ एप्रिल
गेली! नव्या कोटासकट आठही गेजमध्ये गेल्या. हलकं दाबून, जशा जायला हव्यात तशा. स.भाईंनी माझ्या पाठीत एक धपका घातला. अजून भट्टीत तापवून गार करायच्या फेऱ्या आहेत, कोट टिकतो का ते त्यानंतर कळेल.
सु.ला फोटो पाठवला. तिनं विचारलं, "मागच्या वेळी काय चुकलं होतं?" कितीतरी दिवसांनी प्रश्न आला तिचा. लिहिलं, एकाच बाजूची माया धरली होती.
वाचलं तिनं. 

१३ एप्रिल
सुट्टी. मनूचा फोन.
"बाबा, तुमच्याकडे खिडकीखाली जागा किती आहे? मोजून सांग ना."
"कशाला?"
"माझं टेबल चार फुटांचं आहे."
"आई काय म्हणतेय?"
"आई म्हणाली, नुसतं विचार."
टेप घेऊन मोजलं. भिंत ते माझं कपाट, बरोबर चार फूट. बरोबर चार म्हणजे टेबल बसणार नाही. कपाट रिकामं केलं, एकट्यानंच ओढत गॅलरीत नेलं. आता टेबल मधोमध ठेवलं तर दोन्ही बाजूंना वीत वीत माया राहते. मनूला आकडा कळवला.
कपाट गेल्यापासून खोली ढिली वाटतेय. वाटू दे.