पाठ असलेलं माप

६ नोव्हेंबर, गुरुवार

सगळ्यात आधी आली ती बेकरीवाल्यांची धाकटी सून. मी अजून कवळीसुद्धा बसवली नव्हती! हातात स्कर्ट, डोळ्यांत पाणी. कंबर सैल करून हवी होती. कंबरेचं काम दोन बोटांचं, रडणं तासाभराचं. नवरा बोलत नाही म्हणे. भट्टीवरून येतो, पिठाचे हात धुतो, आडवा होतो. मी विचारलं, "आणि तू काय बोलतेस?" तर म्हणते, "मी पण नाही बोलत. तो बोलत नाही ना!" घ्या! दोघं तोंडं शिवून बसलेत आणि उसवायला मी.

तेवढ्यात दवाखान्यातली नर्स आली, गणवेशाची बाही घेऊन. तिचं वेगळंच. तिथला एक्सरेवाला तिला लग्नाचं विचारून बसलाय. ही त्याला म्हणाली, बघू. मी मशीन थांबवलं. म्हटलं, "अगं बाई, हो म्हण नाहीतर नाही म्हण. बघू म्हणजे माणसाला दारात उभं करायचं. ना आत घ्यायचं, ना जा म्हणायचं. पाय दुखतात गं उभ्या माणसाचे!" सगळ्या हसल्या. भिंगरी स्वयंपाकघरातून ओरडली, "आजी, हे वहीत लिही हं!"

भिंगरी म्हणजे माझी नात. चष्म्याच्या दुकानात काम करते. ही वही तिनेच दिलीय. म्हणाली, बोलतेस तसंच लिही, कुणी तपासणार नाहीये. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं.

आता कुणी तपासणार नाही तर खरं लिहिते. मलाही विचारलंय. काटेवाल्यांनी. दुकानादुकानांतले वजनाचे काटे दुरुस्त करायचे ते, आता काम सोडलंय. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. दर गुरुवारी शर्ट घेऊन येतात, झिजलेली कॉलर उलटून लावायला. एका माणसाच्या एवढ्या कॉलरी झिजतात का? मला काय कळत नाही होय! तीन आठवड्यांपूर्वी स्टुलावर बसून म्हणाले, "बाई, माझ्या दोन खोल्या आहेत. एकीला उत्तरेची खिडकी आहे. शिवणाला तो उजेड बरा असतो म्हणतात. येता का राहायला? रीतसर, लग्न करून."

आणि मी काय म्हणाले?

बघू म्हणाले.

आजही आले होते. त्या विषयावर अवाक्षर नाही. कोटाचं कापड आणलं होतं, राखाडी, छान वजनाचं. "माप घेता ना?" म्हणाले. नर्स बसलेली, बेकरीवाली बसलेली. त्यांच्यासमोर मी यांच्या छातीला टेप लावू? म्हटलं, "नको. तुमचं माप मला पाठ आहे." मग तर माझे कानच तापले! नर्स खाली बघून हसत होती, मेली.

८ नोव्हेंबर, शनिवार

कोट कापला. जुन्या वहीतलं माप घेतलं, चार वर्षांपूर्वीचं. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला मी सांगितलंय, पाठ असलेल्या मापावर कातर चालवायची नाही. माणूस बदलतं. दर वेळी टेप घ्यायची, दर वेळी मोजायचं. आणि आज स्वतः काय केलं? सरळ कातर लावली. कापड मात्र लोण्यासारखं कापलं गेलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

भिंगरीने गोंधळ घातला. म्हणजे मीच घातला. तिच्या दुकानात काचा घासणारा एक आहे, तो तिला आवडतो. दोन वर्षं मनात ठेवून होती. माझं ते दारात उभं करण्याचं भाषण ऐकलं आणि आज जाऊन सरळ विचारून आली त्याला. तो नाही म्हणाला! त्याचं दुसरीकडे ठरलंय.

घरी येऊन माझ्या मांडीत डोकं घालून रडली पोर. एवढी मोठी झालीये, पाय पलंगाबाहेर जातात. मी केसांतून हात फिरवत बसले. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय. माझं मी करायचं सोडून लेकरांना पुढे ढकलते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी उठून भिंगरीने चार ऑमलेटं खाल्ली. चार! मी म्हटलं, "बरी आहेस ना?" म्हणाली, "वाईट वाटतंय. पण आजी, हलकं पण वाटतंय. दोन वर्षं रोज त्याच्या डब्यात काय आहे बघत होते. आता नाही बघायचं." आणि शिट्टी वाजवत कामावर गेली. वयाने एवढीशी ती, आणि काळीज बघा! माझ्यावर नाही गेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काटेवाले कच्च्या टाक्यांचा कोट घालून आरशासमोर उभे राहिले. खांदे उतरले. पाठीत चार बोटं कापड लोंबत होतं. कॉलर मानेपासून सुटलेली. चाळीस वर्षांत माझ्या हातून असा कोट उतरला नाही.

ते हसले. "बाई, कुणाचा शिवलात हो?"

"तुमचाच."

"असेल. मी होतो तेव्हाचा."

मग सांगितलं. पोटात गाठ आहे. आपरेशन करायचंय. मुलगी दुसऱ्या शहरात असते, महिनाअखेर येऊन घेऊन जाणार. इतके गुरुवार हा माणूस समोर बसून वाळत गेला आणि मी कॉलरच बघत बसले! टेप लावली असती तर कळलं असतं. आधीच कळलं असतं.

ते माझ्याकडे बघत होते. वाट बघत होते, मला समजत होतं. मी म्हटलं, "कोट आत घ्यावा लागेल. उसवायचं, परत बेतायचं. पंधरा दिवस तरी लागतील."

दोन दिवसांचं काम आहे ते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काही केलं नाही. कोट खुंटीवर आहे. त्याच्याकडे पाठ करून बसले.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज जेवताना भिंगरी बोलून गेली. "बाबा, आजीला काटेवाल्या आजोबांनी विचारलंय आणि ती तुम्हाला घाबरतेय." मी हातातला घास परत ताटात ठेवला.

माझा मुलगा बस चालवतो. घरी आला की बोलायचं ओझं नको असतं त्याला. पाणी प्याला आणि म्हणाला, "मला माहितेय. उन्हाळ्यातच येऊन गेले माझ्याकडे, डेपोवर. मी म्हटलं, आईला विचारा, ती काय लहान आहे? तिचा होकार असेल तर मशीन मी स्वतः आणून टाकतो."

"मग मला का नाही बोललास?"

"तू का नाही बोललीस?"

सूनबाई म्हणाली, "आई, मी तर तुमच्या खोलीत कपाट कुठे ठेवायचं तेसुद्धा ठरवलं होतं!" आणि मग जीभ चावली बिचारीने. सगळे हसले. मी पण हसले. हसता हसता उठून मोरीत गेले, नळ सोडला आणि तोंडाला पदर लावून रडले.

पोराची लाज, सुनेची लाज, लोक काय म्हणतील! इतके दिवस ज्या भिंतीला टेकून उभी होते ती भिंतच नव्हती तिथे. मग अडवलं कुणी? मीच. आता दोष द्यायलाही कुणी उरलं नाही.

खरं कारण लिहायला बसले की पेन थांबतं. तरी लिहिते. भिंगरीचे आजोबा अकरा वर्षं अंथरुणाला होते. अकरा वर्षं मी त्यांना पालथं केलं, पुसलं, भरवलं. कंटाळा आला नाही असं सगळ्यांना सांगते. आला होता. एकदा तर म्हटलं होतं मनात, सुटा आता. आणि मग ते सुटले. आता परत दुसऱ्या पलंगाशी जाऊन बसू? परत ते औषधाचे वास? काटेवाल्यांना गाठ आहे कळायच्या आधीसुद्धा मला हीच भीती होती. ह्या वयात विचारणारा माणूस, दोघांतलं एक आधी जाणारच.

नर्सला सांगताना किती सोपं होतं. हो म्हण, नाहीतर नाही म्हण! कुणाकुणाच्या तोंडात दोन्ही शब्द मावत नाहीत, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं मला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आले नाहीत. स्टूल पुसून ठेवलं होतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहू नये असं वाटतं.

काटेवाल्यांची मुलगी आली होती. चेहरा त्यांचाच, कपाळ तर सहीसही. म्हणाली, "मावशी, कोट झाला का? पुढच्या मंगळवारी घेऊन चाललेय बाबांना." मी म्हटलं, सोमवारी देते. मी कुणाची तरी पँट आखत होते, तोंडात टाचण्या. ती निघेना. स्टुलावर बसली. म्हणाली, "एक विचारू? लोक म्हणतात तुमच्याकडे कपड्यांपेक्षा माणसंच जास्त सरळ होतात."

मी फुगले. खरं लिहिते, फुगलेच!

तिने सांगितलं, "बाबांनी कुणा बाईंना लग्नाचं विचारलंय. कोण ते सांगत नाहीत. महिना उलटून गेला, त्या नुसत्या बघू म्हणाल्यात. बाबा म्हणतात, खोल्या सोडायच्या नाहीत, बरा होऊन परत येईन. मला दोन्हीकडे धावणं जमायचं नाही हो. काय सांगू त्यांना? थांबा म्हणू की खोल्या सोडा म्हणू?"

टाचण्या तोंडातून काढल्या, उशीला टोचल्या आणि सल्ला दिला. मी! तोंड आपोआपच चाललं, रोजच्यासारखं. "ज्या बाईला महिनाभरात उत्तर सुचत नाही तिला उत्तर द्यायचंच नसतं. तिच्यासाठी थांबू नका म्हणावं. खोल्या सोडा."

बोलून झालं आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते.

तिला तर एकदम मोकळं वाटलं. हात धरला माझा. "तुमचं नाव सांगते बाबांना. तुमचं ऐकतील ते." थांब म्हणायचं होतं. अगं, ती बाई मीच आहे, म्हणायचं होतं. मी टाचण्या परत तोंडात भरल्या.

गेली.

जन्मभर सगळ्यांची उसवलेली शिवण बघितली, आणि स्वतःच्या हाताने हे उसवून ठेवलं. हातात काही धरवत नाही. सूनबाईने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बेकरीवाली नाचत आली. नवऱ्याशी आपणहून बोलली, तो म्हणे भट्टीवर पाव जाळून घरी आला खुशीत. तुमच्यामुळे, तुमच्यामुळे! पावांची पिशवी देऊन गेली. कोरडा ठण्ण घास. गिळवत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

कोट घेऊन मीच गेले. पहिल्यांदाच. तीन जिने. मुलगी काही कामासाठी बाहेर गेली होती. पेट्या बांधलेल्या, भिंतीवर फोटो काढल्याचे चौकोन.

काटेवाले म्हणाले, "निरोप पोचला. खोल्या सोडल्या. किल्ली उद्या घरमालकाला." रागाने नाही म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "सल्ला चांगला होता, बाई. मीही मुलीला तोच दिला असता."

मी कोट घातला त्यांना. खांदा बसला, कॉलर बसली. आता आत काही उरलंच नाहीये, म्हणून बसला.

मग ती उत्तरेची खिडकी दिसली. खाली एवढी जागा मोकळी सोडलेली, मशीनपुरती. बाजूला विजेचं नवीन बटण, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. माझं मशीन मोटारीचं आहे हे लक्षात ठेवलं होतं. भिंतीवरचा चुना अजून ओलसर वाटत होता.

मी म्हटलं, "बाही बरी बसली."

ते म्हणाले, "हो. बाही छान."

खाली आले आणि शेवटच्या पायरीवर बसून राहिले. कुणीतरी विचारलं, "आजी, बरं वाटत नाही का?" काय सांगू? सगळ्यांना सांगायला आहे माझ्याकडे. मला सांगायला कुणी नाही. माझंच मी ऐकत नाही!

भिंगरीला वही परत द्यावी म्हणते. काय लिहायचं उरलंय.

२ डिसेंबर, मंगळवार

गाडी दारात उभी राहिली. काटेवाले निरोप घ्यायला आत आले, त्यांची मुलगी मागे. माझ्याकडे नर्स होती, बेकरीवाली होती, भिंगरी कामाला निघाली होती. त्या सगळ्यांसमोर मी म्हटलं, "ती बाई मी आहे. मला भीती वाटते. पलंगाशी बसायची वाटते, आणि तुम्ही तिकडे एकटे पडून राहाल त्याची जास्त वाटते. मी येते." मुलगी मटकन स्टुलावर बसली. काटेवाले माझ्या मशीनजवळ आले. मग खिशातून खोल्यांची किल्ली काढून त्यावर ठेवली आणि मुलीला म्हणाले, "घरमालकाला कळव, एवढ्यात नाही."

ते आज पुढे गेले, आपरेशन दहा तारखेला आहे. त्यांची मुलगी आणि जावई मला न्यायला येतायत. शनिवारी, सकाळी आठला.