फाटकावरची चाळीस मिनिटं

ता. १४, मंगळवार

ती. दादा,
साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कठड्याला धरत जा. माझं ठीक चाललंय. खानावळीचं जेवण अंगी लागत नाही, एवढंच.

वेगवान रेल्वेच्या जनसुनावणीला महिना होत आला, तरी आमच्या रेल्वे ऑफिसात अजून त्यावरच खडाजंगी. एक टेबल म्हणतं, कर्ज काढून का होईना, दोन तासांत राजधानी गाठता येईल. दुसरं विचारतं, ते कर्ज फेडणार कोण, तुझा सासरा? मी फायलीत डोकं खुपसून बसतो. हल्ली मला सगळे 'घंटीवाले साहेब' म्हणतात.

म्हणू देत. सुनावणीत बोलणाऱ्याला तीन मिनिटं, आणि वेळ मोजायला मी. कंत्राटदाराच्या माणसाला मी सात मिनिटं बोलू दिलं. तुझी मात्र तीन संपली नि मी घंटी वाजवली. तू म्हणत होतास, "या पैशातून आधी जुन्या फाटकांवर पूल बांधा. माझी बायको अशाच एका फाटकावर..." तू माझ्याकडे बघितलंस आणि खाली उतरलास. तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस.

सख्ख्या भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. साफ खोटं. मी घाबरलो होतो, दादा.

वहिनीच्या छातीत कळ आली त्या दुपारी तू मला ऑफिसात फोन केला होतास. दवाखान्यात लांबच्या पुलावरून न्यायचं की फाटकातून? मी ऐटीत म्हणालो, "फाटकातूनच ने. गाड्यांचं वेळापत्रक मला तोंडपाठ आहे." मालगाडी मधेच बंद पडेल हे कुठल्या वेळापत्रकात असतं? चाळीस मिनिटं फाटक उघडलं नाही. स्वतःच्या पानातलं माझ्या डब्यात घालणारी माझी वहिनी तिथे, तुझ्या मोटारीतच गेली. तू मला एका शब्दाने बोलला नाहीस. सुनावणीत मला वाटलं, आता चारचौघांत बोलणार.

तुझा भाषणाचा कागद सुनावणीच्या टेबलावरच राहिला होता, तो मी ठेवून घेतला. तो उघडायचा धीर मला काल झाला. शेवटी लिहिलं होतंस, "रस्ता मीच निवडला."

लेखी म्हणणं द्यायचा आज शेवटचा दिवस होता. तुझा कागद मी दाखल केला. तेवढी एक ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "रस्ता मी सांगितला होता." हुद्द्यासकट सही केली.

फोन उचलू नकोस हवं तर. पण माझं ओझं आता तू वाहू नकोस.

वहिनीच्या हातचं खाऊन वाढलेला,
तुझा धाकटा