खाली गाडी लावतोय

मुलुंड, ६ जानेवारी २०२५

ती. रुक्मिणीताईस, गुणाजीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून हे दर महिन्याचं पत्र. तुझा भाचा सिद्धेश कॅनडाला जाताना त्याची फ्रेंच प्रेस माझ्यासाठी ठेवून गेला. काचेचं उभट भांडं आहे. कॉफीवर गरम पाणी ओतायचं, चार मिनिटं थांबायचं नि जाळीचा दांडा हळूहळू खाली दाबायचा. ही गेल्यापासून एकट्यापुरता चहा काही मला जमत नाही. म्हटलं, कॉफी करून बघू. छान झाली. ती चार मिनिटं मात्र सरता सरत नाहीत.

माझी प्रकृती उत्तम. काळजी नसावी. तुझी माया अशीच राहू दे.

तुझा धाकटा,
गुणाजी

देवगड, १५ जानेवारी

चि. गुणाजीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. तिळाचे लाडू वेगळे पाठवले आहेत. पण हे अक्षर कोणाचं? ओळी उतरणीला लागल्यात. आंब्यावरून पडून उजवा हात मोडलास तेव्हा डाव्या हाताने असंच लिहायचास, आणि आईला सांगायचास, काही झालं नाही. मेल्या, खोटां कित्याक बोलतस? काय झालं ते कळव. मी येऊ का? दर वेळी नको म्हणतोस, म्हणून परत विचारते.

जिवाला जप.

तुझी ताई

मुलुंड, २२ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न.

पकडलंस. कॉफी झालीच नव्हती. दुकानातून चुकून बारीक पूड आणली. दांडा खाली जाईना, म्हणून सगळा जोर लावला. उकळती कॉफी उसळली नि उजवा हात मनगटापर्यंत भाजला. नळाखाली हात धरून मी हिला हाक मारली. तोंडातून निघूनच गेली गं.

शेजारच्या नेत्राची बेल वाजवली, ती माहेरी गेलेली. ओला टॉवेल गुंडाळून एकटाच रिक्षाने दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सोबत कोण आहे. मी म्हटलं, मुलगा खाली गाडी लावतोय. मलमपट्टी होईपर्यंत त्या अधूनमधून दाराकडे बघत होत्या. आणि ताई, मीही बघत होतो.

आता फोड सुकलेत. सिद्धेशला काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस.

येऊ का विचारलंस. ये. ठाण्याला उतर, मी फलाटावर असेन.

गुणाजी