न निवलेला डोंगर

२८ सप्टें. ९८
कॉलेजच्या एकुलत्या एक कॉम्प.वर प्रोग्राम लावला. हिमालयाखाली किती खोलवर किती गरम, एवढंच काढायचंय. चार दिवस अखंड चालेल. दसरा, गांधी जयंतीच्या सुट्ट्यांत उरकेल. स्टाफरूममध्ये नेहमीचंच: बाई वर्ध्यात बसून हिमालयाला थर्मामीटर लावतात. हसले. पाच वर्षं झाली या पीएच.डी.ला, हसायलाही शिकले.

३ ऑक्टो.
सगळं गेलं. लॅबमधल्या भाऊरावांनी खंडेनवमीला कॉम्प. बंद केला, पुसला, हळदकुंकू लावलं, फ्लॉपीच्या फटीवर झेंडू ठेवला. "बंद करू नये" ही माझी चिठ्ठी घडी करून शेजारी. मी नको इतकं बोलले. ते शांतपणे म्हणाले, "चालू मशीनले कुकू कसं लावाव मॅडम? मोटरपंपबी बंद करूनच पूजतो आमी."
घरी हे म्हणतात, बिचाऱ्याने श्रद्धेने केलं. तो बिचारा. मग मी कोण?

५ ऑक्टो.
पुन्हा लावला. आता दर लाख वर्षांचे आकडे फ्लॉपीवर उतरतील. परत कोणाला पूजा सुचली तर निदान तेवढे तरी...

१० ऑक्टो.
मधले आकडे मी आजवर कधी पाहिलेच नव्हते! फक्त शेवटचा बघायचे. तो सरांच्या, म्हणजे माझ्या नागपूरच्या गाइडच्या, सूत्राशी जुळायचा; ते खूष, मीही खूष. पण शेवट म्हणजे डोंगर झिजायचा थांबून सगळं निवल्यावर. आजचा हिमालय तिथे पोचलाय कुठे? तो अजून वाढतोय, झिजतोय. त्याच्या वयाला खालचा खडक सूत्रापेक्षा बराच गरम. पाच वर्षं मी म्हाताऱ्या डोंगराचा आकडा तरण्या डोंगराला चिकटवत होते. स्वतःचीच चीड आली.
भाऊरावांना पोळ्यांच्या डब्यावरून सांगितलं: वरच्या काढत गेलं की खालच्या गरमच वर येतात. त्यांना लगेच पटलं. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. तेच ओशाळले.

१७ ऑक्टो.
नागपूर. पाऊण तास व्हरांड्यात. मग सरांनी या नव्या आकड्यांवरचं माझं प्रकरण चाळलं आणि पानापानावर लाल पेन्सिलीची आडवी रेघ. का, ते एकाही पानावर लिहिलेलं नाही. "मॅडम, माझ्या सूत्रावर वीस वर्षांत कोणी बोट ठेवलेलं नाही. हे प्रकरण काढा, मग सही करतो."
चूक दाखवा म्हटलं, तर घड्याळ पाहिलं. परतीच्या पॅसेंजरमध्ये रडू कोणाला दिसू नये म्हणून झोप लागल्याचं सोंग केलं आणि वर्धा मागे गेलं, पुलगाव आलं. तिथून जवळच, नाचणगावच्या मावशीकडे उतरावं लागलं. तिने विचारलं, झालीस का डॉक्टर?

२ नोव्हें.
हे म्हणतात, काढून टाक, सही घे, मग काय लिहायचं ते लिही. शहाणपणाचं आहे. म्हणूनच जास्त संताप येतो. ते प्रकरण काढलं तर उरतं काय? सरांचंच सूत्र, माझ्या अक्षरात.
प्रकरण तसंच ठेवलं. प्रबंध सरांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. सहीचं पान कोरं.

१४ नोव्हें.
नालवाडीत आमच्या शेजारच्यांकडे सरांचा फोन. सहीचं नाव नाही, माफीचं तर नाहीच. एकच प्रश्न. "गणितातली काळाची पायरी अर्धी करून पाहिलीत का?"
पायरी मोठी असेल तर गणितच खोटी उष्णता दाखवतं. मी नव्हतं पाहिलं. तसं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.
काय माणूस आहे. समोर बसले होते तेव्हा हेच विचारायला काय झालं होतं? रेघा मारल्या! आणि आता विचारलं ते नेमकं बरोबर. मी कोणा विद्यार्थ्याला पहिलं हेच विचारलं असतं.

१६ नोव्हें.
पायरी अर्धी करून प्रोग्राम लावला. आता आठ दिवस. भाऊराव म्हणाले, "आता कोनाले हात नाई लावू देत मी." आकडा तोच आला तर सहीचं पान घेऊन सरांच्या दारात बसेन, सही होईस्तोवर. नाही आला तर प्रकरण मीच फाडीन, त्यांच्या लाल पेन्सिलीची वाट न पाहता.