नंदीराजाचं आवतण

१२ ऑगस्ट
आला एकदाचा नंदीराज! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात, त्या तान्ह्या पोळ्यासाठी माझ्या धाकट्या भावाने, अनंताने, असा लाकडी बैल आणलाय की दारातून आडवा करून घ्यावा लागला. कमरेएवढा, सागवानी, शिंगांवर दिवे, चाकांना रबर. वेदिका, त्याची मुलगी, घाबरून फ्रिजमागे लपली. भावजय करिष्मा मला म्हणते, "ताई, हाथ मत लगाना हं, पॉलिश खराब होईल." बरोबर आहे. माझे हात कणीक तिंबण्यापुरते!

१४ ऑगस्ट
रामदासपेठेतला फ्लॅट पक्का. गणपती तिकडेच बसणार. कोणाची खोली कुठली, सगळं ठरलं. बैलाचा कोपराही ठरला. माझं नाव कोणी काढलं नाही. मी विचारणार नाही — मेले तरी नाही! हुडकेश्वरचं हे बापूजींचं, आमच्या वडिलांचं, घर बंद करणार म्हणे. कुलूप मला आत ठेवून लावणार की बाहेर, तेवढं समजलं तर बरं.

१९ ऑगस्ट
आज पडद्यांचा रंग. पिस्ता. छान म्हटलं.

२२ ऑगस्ट
खांदशेकणी. लाकडी खांद्याला तूप-हळद चोळायची आणि म्हणायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." मनापासून म्हटलं तरच लाकडाचा बैल दुसऱ्या दिवशी आपण होऊन आवतण देणाऱ्याच्या मागे चालतो. दोरी नुसती शोभेची. ओढली की चाकं घट्ट! नागपुरातलं शेंबडं पोरही हे जाणतं. पण तुपाने पॉलिश जातं ना! करिष्माने मोबाइल बैलाच्या कानाशी धरला आणि रेकॉर्ड केलेलं आवतण ऐकवलं. मागे सनईसुद्धा!

सगळे मॉलमध्ये गेल्यावर मीच त्याला तूप लावलं. थट्टाच करत होते — "घे बाबा आवतण, या घरात कोणालातरी मिळू दे." म्हणता म्हणता थट्टा राहिली बाजूला. वेडी कुठली! या वयात बैलापुढे रडते.

२३ ऑगस्ट
सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघाली. घरातली इडा-पिडा घेऊन जाते म्हणतात. आमची पिडा तेव्हा फ्लॅटचं माप घ्यायला गेली होती.

संध्याकाळी मैदानात तान्हा पोळा. कोण कोण पोरं, कसले कसले बैल! पिटुकले बैल आपापल्या पोरांमागे तुरुतुरु चाललेले. आमचा नंदीराज ढिम्म. अनंताने फेटा सावरत दोरी ओढली, शेजाऱ्यांनी मागून ढकललं. परीक्षक भैय्याजी म्हणाले, "अनंतराव, बैलाले आवतण देल्लं होतं का गा?" तेवढ्यात मी पुरणपोळीचा डबा घेऊन पोचले. झालं! नंदीराज जो सुटला तो थेट माझ्या मागे — दोरीला लटकलेल्या अनंतासकट, भेळेच्या गाडीला धडक देऊन! पब्लिक खूश. पहिलं बक्षीस आम्हालाच. फोटोच्या वेळी करिष्मा म्हणाली, "ताई, जरा साइडला."

झाले साइडला. बैलही झाला. फोटोत बैलाच्या जागी नुसती बक्षिसाची ढाल आहे.

२६ ऑगस्ट
टेम्पो आला. सोफे चढले, कपाटं चढली, तुळशीची कुंडीही चढली. बैल अंगणात रुतून बसला. हमाल थकले. अनंत घामाघूम होऊन आत आला. "ताई, तो हलून नाही राहिला वं! तू पण चल मंग."

"मी काहून?"

"तुझ्याबिगर तो येत नाही ना."

हे माझं आवतण! इतके दिवस याच्यासाठी कान टवकारून बसले होते मी. बैलाबरोबर बैलाचं दावं. खूप राग आला. आणि त्याहून जास्त वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. बघते, म्हटलं. टेम्पो गेला. वेदिका मागे बघत हात हलवत होती.

२७ ऑगस्ट
गणपती बसवून अनंत बैल न्यायला आला. नवा पांढरा कुर्ता. मी तुपा-हळदीचा हात त्या कुर्त्याच्या खांद्यावर चोळला. थट्टेने नाही, मनापासून. म्हटलं, "आज आवतण घे, उद्या जेवायला ये."

"आणि बैल?"

"तो घरचा आहे. पाहुणा तू."

बराच वेळ झाला. अनंत दारातच बसलाय, बैलासारखा. हलून नाही राहिला.