डाव्या हाताचा पीळ

पिंप्राळा, जळगाव
मंगळवार, १ ऑक्टोबर १९९६

प्रिय कमल,

थोरल्या जावेचा आशीर्वाद तुला आहेच, तो काही दर पत्रात मागून घ्यायला नको. तीन वर्षांनी माझं पाकीट आलेलं बघून तू आधी भिंतीला टेकून बसली असशील, कोण गेलं म्हणून. कोणी गेलेलं नाही. ह्यांचा दमा आहे तिथंच आहे, हेमलताला सहावा महिना लागलाय आणि अभिमन पाइपच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जातो. मला अभिमनबद्दलच लिहायचंय. अठ्ठावीस वर्षांत आपण दोघींनी एकमेकींपाशीसुद्धा जी गोष्ट तोंडातून काढली नाही, तिच्याबद्दल. पण एकदम तिथं यायला माझी छाती होत नाही, म्हणून आधी कपडे धुवायच्या मशीनचं सांगते. हसू नकोस. सगळं तिथूनच सुरू झालं.

मशीन गेल्या दिवाळीत आलं. इथं आल्यापासून आमच्या गोधड्या-चादरी भिकुबाई आणि तिची बहीण घेऊन जायच्या. भिकुबाईचे गुडघे गेले आणि मी स्वतः धुवायला बसले, तर अभिमनने मला न विचारता हे धूड आणून मोरीच्या बाहेर उभं केलं. दार वर नाही, पुढे, आणि त्याला गोल काच. पहिले आठ दिवस मी समोर पाट टाकून बसायची आणि ह्यांची बंडी कधी वर जाते, कधी खाली येते ते बघायची. हे म्हणाले, आता टीव्ही काढून टाकू. पण खोटं कशाला बोलू, वर्षभर चांगलं चाललं. चादरी अशा पिळून निघायच्या की दोरीवर टाकल्या की तासाभरात कोरड्या.

परवा शनिवारी मी अक्कल पाजळली. घट बसायच्या आधी घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं पाण्यातून निघाली पाहिजेत, हे सासूबाईंनी आपल्या हाडात भरलेलं. ऊन कडक होतं. हेमलता म्हणत होती, आई, गोधडी यात टाकायची की नाही ते पुस्तकात बघते. मी म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याने जन्मात गोधडी पांघरली असेल का? आणि सासूबाईंच्या लुगड्यांची ती जाड गोधडी, आठवते ना, हिरवी किनार मधोमध आलेली, ती दाबून दाबून आत बसवली. धुणं झालं. पिळायची वेळ आली तशी मशीनने गुरगुर केली, दोन हिसके दिले, भिंतीवरचं कॅलेंडर हललं आणि सगळं गप्प. काचेआड पाणी तसंच, गोधडी तशीच.

मग आम्ही दोघी पदर खोचून कामाला लागलो. आधी बंद करून दहा मिनिटं विसावा दिला, पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच. मग स्टॅबिलायझरचा काटा बघितला, कारण दुपारी आमच्याकडे वीज मरतुकडी असते. काटा जागेवर होता. मागून पाण्याची नळी वाकलेली असेल म्हणून मी मशीन पुढे ओढलं. हेमलता ओरडली, पण तिला मी हात लावू दिला नाही. नळी सरळ होती. शेवटी पुस्तकातल्या चित्रावरून तिने खाली एक झाकण शोधलं, ते फिरवलं मात्र, मोरीपासून देवघरापर्यंत पाणीच पाणी! ह्यांनी खाटेवर पाय घेतले. झाकणाच्या आत जाळी, जाळीत गोधडीच्या दोऱ्यांचा गुंता, एक सेफ्टी पिन आणि अभिमनच्या शर्टाचं बटण. म्हटलं, सापडलं दुखणं. जाळी धुऊन बसवली, पुन्हा पाणी भरलं तर ते भराभर निघून गेलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. पण पिळायला लावलं की पुन्हा दोन हिसके आणि गप्प. गोधडी बाहेर काढून रिकामं लावलं तर वेड लागल्यासारखं फिरतंय. गोधडी आत घातली की रुसतंय. मी हात टेकले.

त्या ओल्या गठ्ठ्याकडे बघताना मला आपल्या गावची बुराई नदी आठवली. नवरात्राच्या आधीचे ते दोन दिवस. डोक्यावर सोड्यात भिजवलेल्या गोधड्यांची ओझी, तू पुढे, मी मागे, आणि तू वाटेत प्रत्येक बोरीपाशी थांबणार. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी आपलं पहिलं भांडण कशावरून झालं, आठवतं? पिळण्यावरून. गोधडीची दोन टोकं धरून समोरासमोर उभ्या राहिलो आणि पिळायला लागलो, तर गोधडी नुसती गोल फिरतेय, पाण्याचा थेंब निघत नाही. मी म्हटलं, नीट पीळ. तू म्हटलंस, "अक्का, मी बराबर पिळी राहिनू, तुम्हीच उलट्या शेतस." तेव्हा कळलं की तू डावरी. दोघी उजव्या असल्या तर पीळ पडतो. एक उजवी, एक डावी असली की गोधडीच फिरत राहते. तुला उजवं जमेना, म्हणून मी उलटं शिकले. दहा वर्षं तुझ्याबरोबर उलटं पिळलं. तुझ्यासाठी मी काय केलं असं कोणी विचारलं तर मला एवढंच सांगता येईल, आणि तेही कपड्यांचंच.

तर शनिवारी एक टोक मी हेमलताच्या हातात दिलं. म्हटलं, उचलू नकोस, नुसतं धर आणि पीळ. गोधडी फिरायला लागली. तेवीस वर्षांनी माझे हात आपोआप तुझ्यासारखे वळले होते आणि मला पत्ता नाही. ती हसायला लागली, आई, तुम्ही उलटं पिळताय. एवढ्यात अभिमन पाळीवरून आला. बायकोच्या हातातून टोक घेतलं, पाय रोवले आणि जोर लावला. कमल, गोधडीला असा पीळ पडला की पाणी धो धो निघालं. त्याचा डावा हात पुढे होता.

आता सांगते. तुला माहीत नाही ते सांगते. लहानपणी तो डाव्या हाताने घास घ्यायचा, डाव्या हाताने गोटी मारायचा. मी त्याच्या हातावर फटके दिले. पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढलं की पट्टी. लोक म्हणायचे, बाई शिस्तीची आहे. शिस्त कसली? मला त्या हातात तू दिसायचीस. तो उजव्या हाताने लिहायला-जेवायला लागला तेव्हा मला केवढं सुख झालं होतं! पण ताकद लावायची वेळ आली की डावा हात पुढे येतोच, हे मला शनिवारी कळलं. पोराला विनाकारण मारलं मी.

आणि एक. जळगावला बदली झाली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. झाली नव्हती, ह्यांच्या मागे लागून मी करवून घेतली होती. अभिमन पाच वर्षांचा झाला होता, गल्लीतली पोरं काहीबाही बोलायला लागली होती, आणि तू ओट्यावर बसून त्याला केळं सोलून द्यायचीस ते मला बघवत नव्हतं. मग दर आखाजीच्या सणाला तू बोलवायचीस आणि मी कधी गोवर, कधी परीक्षा, कधी ऊन फार म्हणून टाळायची. एकदा तर त्याचा पाय मुरगळला म्हणून कळवलं होतं. पाय ठणठणीत होता.

हेमलता पोरगी हुशार आहे. ती म्हणाली, तुम्ही दोघं उलटे आहात म्हणून जमलं. अभिमनने मला विचारलं, "आई, तू तर उजवी. हे उलटं कुठून शिकलीस?" मी सहज बोलून गेले, कमलकाकूबरोबर, ती डावरी ना. त्याने गोधडी खाली ठेवली. आपल्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "आणि मी?" मी बादली उचलून गच्चीवर निघून गेले.

सोमवारी धनसिंग मेकॅनिक आला. आपल्याच बाजूचा, गिरासे. मशीन उघडलंसुद्धा नाही. सगळं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "मावशी, एकली गोधडी टाकी ते हाई फिरस नही. जोडीले दुसरं काही टाका." एकच जड वस्तू असली की ती पाणी पिऊन एका अंगाला गोळा होते, मशीनचा तोल जातो आणि ते फिरायचं थांबतं. बिघाड नाही, उलट शहाणपण आहे म्हणे. त्याच्यासमोर गोधडीबरोबर दोन चादरी टाकून बघितलं, सुरळीत फिरलं. चहा पिऊन गेला. मी हे सगळं तुला एवढं पाल्हाळ लावून सांगतेय, कारण पुढचं लिहिणं लांबवतेय.

शनिवारी संध्याकाळी अभिमन माझ्या मागोमाग गच्चीवर आला. आम्ही दोघांनी मिळून गोधडी कठड्यावर टाकली. मग मीच बोलले. म्हटलं, तुला कमलने जन्म दिला. तू सव्वा महिन्याचा होतास तेव्हा तिने तुला माझ्या ओटीत घातलं. मला लग्नाला दहा वर्षं होऊन मूल नव्हतं. तो कठड्याला धरून उभा होता. मला वाटलं, चिडेल, नाहीतर रडेल. त्याने एकच विचारलं, "तिनं दिलं, की तुम्ही मागितलं?" कमल, अठ्ठावीस वर्षं आपल्या घरातल्या मोठ्या माणसांत एकच सांगितलं जातं, धाकटीने मोठ्या मनाने थोरलीला मुलगा दिला. मी स्वतःलाही तेच सांगत आले. पण त्याच्यासमोर जीभ वळेना. म्हटलं, मी मागितलं. तुझी लेक दोन वर्षांची होती, मला वाटलं तुला अजून होतील, म्हणून मी सासूबाईंच्या पायावर डोकं ठेवलं आणि त्यांनी तुला भाग पाडलं. तू नाही म्हणालीस. तीन दिवस जेवली नाहीस. चौथ्या दिवशी तू त्याला माझ्याकडे दिलंस आणि म्हणालीस, "अक्का, ह्याले उपाशी निजू देऊ नका." त्यानंतर तुला मूल झालं नाही. हे सगळं मी त्याला सांगितलं, एक अक्षर झाकलं नाही. तो खाली जाऊन जेवला आणि मला म्हणाला, तूही जेव.

हे पत्र त्याच्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून लिहिते आहे. तो रविवारी सकाळच्या पॅसेंजरने तुझ्याकडे येतोय. रविवारी पितृपक्षातली जीवरामभाऊजींची तिथी. नऊ वर्षांपूर्वी ते तुला एकटी टाकून गेले आणि अभिमनने पुतण्या म्हणून त्यांना अग्नी दिला, तेव्हा मी पूर्ण वेळ त्याच्याजवळून हलले नव्हते, कोणी काही बोलेल म्हणून. या वर्षी निखाऱ्यावर आगारी, त्यांच्या नावाचा घास, टाकायला तुला शेजारच्या रुपचंदला बोलवावं लागणार नाही. मुलगा म्हणून टाकायची आहे, असं अभिमनच म्हणाला. तू माझा मान ठेवायला जाशील आणि त्याला म्हणशील, काकूच म्हण बाबा. तसं करू नकोस. त्याच्या तोंडाला जे येईल ते म्हणू दे. त्याने विचारलं तर मी सांगितलेलं सगळं खरं आहे म्हणून सांग, आणि माझ्याबद्दल मनात जे साचलंय तेही सांग. मला भीती वाटते, कमल. तुला आई म्हणून झाल्यावर तो इकडे कोणाकडे म्हणून परत येईल, हे मला कळत नाही. पण तू त्या दिवशी रिकाम्या हातांनी खोलीत गेलीस आणि आतून कडी लावलीस, तेव्हा मी बाहेर बाळ घेऊन हसत होते. त्यापुढे माझी भीती ती काय! दोन दिवस ठेवून घे त्याला. पोटभर बघ. मग मंगळवारच्या गाडीने पाठव, पण एकटा पाठवू नकोस. तुझी लुगडी बांध, घराला कुलूप लाव आणि त्याच्याबरोबर ये. मी स्टेशनवर येईन.

तुझीच,
अक्का