सदऱ्यावरचा हळदीचा डाग

तिरुवल्लिकेणी, ८ ऑगस्ट २००६

आज दहावीच्या मुलांनी हळदीच्या पाण्यात चुना घातला. लालभडक! इथं घरोघरी दृष्ट काढायला ओवाळतात, ते ‘आरती’चं पाणी हेच. पण लाल का, ते मी सांगितलं नाही. वसुधानं विचारलं, “सर, लिंबू पिळू?” पिळलं, तर पुन्हा पिवळं. वर्ग ओरडला आणि मुख्याध्यापिका दारात.

“आरती पुरे, सर. उद्या आम्ल-अल्कलीच्या व्याख्या फळ्यावर हव्यात, नाहीतर वर्ग दुसऱ्याला देते.”

घाबरलो का? थोडा. पण नुसत्या व्याख्या घोकून काय होतं? शाळेत संस्कृतची रूपं मीही घोकलीच होती. झोपेत येतात, बोलताना येत नाहीत.

घरी सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला, तर तोही लाल! धुतलाच नाही. उद्या हाच सदरा घालून जाणार. फळ्यावर काय लिहायचं, ते डाग बघून वसुधाच सांगेल.